उठलं की विझणारा दिवा

भडगावच्या त्या गल्लीत दिवसाचा पहिला आवाज कोंबड्याचा नसे, लाडकुंवर अक्कांच्या मोबाइलच्या गजराचा असे. तो वाजायला लागला की समोरच्या ओट्याखालचं कुत्रं अंग झाडून उठे. दूधवाला पितांबर आपल्याला उशीर झाला असं समजून गाडी दामटे. शेजारच्या घरात प्रमिलाबाई डोक्यावरून गोधडी ओढून घेत आणि त्यांचे यजमान झुलाल सर मुकाट्यानं चपला शोधायला लागत. सगळी गल्ली जागी होई. ज्यांच्यासाठी तो वाजत असे, त्या अक्का तेवढ्या भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेल्या असत.

अक्कांचं म्हणणं, मोबाइल बिघडलाय. मुलानं, म्हणजे जिनेशनं, तो त्यांच्या कानाशी धरून वाजवून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या की आत्ता वाजतोय, पहाटे वाजत नाही. कानांविषयी त्या काहीच बोलत नसत. अलीकडे माणसंच हळू बोलायला लागलीत, एवढंच त्यांचं मत होतं. जळगावच्या डॉक्टरांनी दिलेलं कानात घालायचं यंत्र मखमली डबीत बांगड्यांच्या शेजारी ठेवलेलं होतं आणि बांगड्यांइतकंच, म्हणजे लग्नकार्यालाच, ते बाहेर निघे. शिवाय रात्री झोपताना ते काढूनच ठेवावं लागतं, तेव्हा पहाटेच्या कामाला त्याचा उपयोग नव्हताच.

आणि पहाटेचं काम तर अक्कांच्या जिवाभावाचं. लग्न होऊन मारवाडातून खानदेशात आल्यापासून त्या सूर्य उगवायच्या आत उठून सामायिकाला बसत आल्या होत्या. जैनांचं सामायिक म्हणजे दोन घटका एका आसनावर बसायचं, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधायची, मन आणि हात दोन्ही आवरून धरायचे. त्यासाठी घराच्या पुढच्या अंगाची खोली त्यांनी सासूकडून घेतली होती आणि सुनेला दिलेली नव्हती. या पावसाळ्यात मात्र त्यांचा नेम चुकायला लागला. डोळे उघडावेत तर उन्हाची तिरीप भिंतीवर आलेली. त्या दिवशी अक्का कोणाशी बोलत नसत आणि चहाही घेत नसत.

जिनेशचं गावात भांड्यांचं दुकान. माणूस प्रेमळ, पण प्रत्येक अडचणीवर त्याचा उपाय एकच असे: वस्तू इकडची तिकडे हलवणं. त्यानं ठरवून टाकलं की आईचा पलंग आतल्या खोलीत, सुनेच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, शेजारी न्यायचा. सून पहाटे उठतेच, ती हलवून उठवेल. पर्युषण तोंडावर आलं होतं आणि त्या आठ दिवसांत आईचा नेम चुकला तर आई अन्न सोडेल, ही त्याची भीती काही खोटी नव्हती.

अक्कांना ते मान्य नव्हतं. सुनेविषयी त्यांची तक्रार नव्हती. पण ज्या बाईला हलवून उठवावं लागतं, तिच्या सामायिकाचं अर्धं पुण्य हलवणारीला जातं, असं त्या म्हणाल्या आणि वर असंही म्हणाल्या की सुनेला पुण्य हवं असेल तर तिनं स्वतः बसावं. शेवटी मायलेकांत ठरलं ते असं. पर्युषण सुरू होईपर्यंत अक्का आपल्या आपण उठायला लागल्या तर पलंग आहे तिथे राहील. नाही तर पर्युषणाच्या पहिल्याच सकाळी दुकानातली माणसं येऊन तो आत नेतील.

हे सगळं झुलाल सरांना कळलं ते अकरा वर्षांच्या आयुषीकडून. आयुषी जिनेशची मुलगी. शाळेतून आली की दप्तर स्वतःच्या घरात टाकायची आणि बडबड सरांच्या ओट्यावर. सर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गिरणाकाठच्या शेतकरी घरातले. साऱ्या गावाचे सर, आयुषीचे मात्र आबा. त्यांची एक खोड गावाला ठाऊक होती. त्यांना काही विचारलं तर ते उत्तर देत नसत, उलट प्रश्न विचारत. गावातली मोठी माणसं म्हणूनच त्यांना वेळसुद्धा विचारत नसत.

आयुषीनं सांगितलं की तिला दादीसाठी उजेडाचा गजर करायचाय. कान ऐकत नसले तरी डोळे आहेत.

"डोळे तर झोपेत मिटलेले असतात," सर म्हणाले. "मिटलेल्या डोळ्यांना उजेड दिसतो का?"

आयुषी म्हणाली, नाही. मग थांबून म्हणाली, माहीत नाही. हे दुसरं उत्तर सरांना फार आवडत असे. त्यांनी तिला ओट्यावरच डोळे मिटून बसवलं आणि न सांगता तिच्या तोंडासमोर टॉर्च लावला, विझवला, पुन्हा लावला. प्रत्येक वेळी तिनं बरोबर सांगितलं. पापणी म्हणजे जाड दार नव्हे, पातळ पडदा, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनं स्वतःहून विचारलं, की दादी तर भिंतीकडे तोंड करून झोपते, तेव्हा दिवा ठेवायचा कुठे? सर म्हणाले, भिंतीचा रंग कोणता आहे? भिंत पांढरी होती. दिवा दादीवर न टाकता भिंतीवर टाकायचा, म्हणजे भिंतच दादीच्या तोंडावर उजेड टाकेल, हे उत्तर तिनं उडी मारूनच दिलं.

आठवडी बाजारातून सेलवर चालणारं गजराचं टेबलघड्याळ आणलं. दिव्यासाठी सरांच्या घरातला मोडका टॉर्च निघाला. त्याचं बटण गेलं होतं, पण पुढचे पांढरे एलईडी चांगले होते. आयुषीचा बेत सोपा होता: घड्याळातली वाजणारी चकती काढायची आणि तिच्या दोन तारा सरळ टॉर्चच्या दिव्याला जोडायच्या. सरांना ठाऊक होतं की असा दिवा लागणार नाही. तरी त्यांनी तिला तो जोडू दिला. गजराची वेळ झाली, घड्याळात बारीक टकटक झाली आणि दिवा ढिम्म. आयुषीचं तोंड एवढंसं झालं. प्रमिलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या की पोरीला आधीच सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का. सर म्हणाले, सांगितलं असतं तर तिला फक्त कळलं असतं, आता तिला प्रश्न पडलाय.

प्रश्न असा होता की घड्याळात एकच सेल, आणि टॉर्चच्या दिव्याला तीन सेलांचा जोर लागतो. सरांनी तिला गिरणेच्या पाटाची गोष्ट सांगितली. पाटाच्या तोंडाशी लोखंडी दार असतं. ते फिरवायला एका माणसाचे दोन हात पुरतात, पण दार उघडलं की जे पाणी धावतं ते त्या माणसाचं नसतं, धरणाचं असतं. मग त्यांनी डबीतून तीन पायांचा चिमुकला ट्रान्झिस्टर काढून तिच्या तळव्यावर ठेवला आणि विचारलं, यात माणूस कोण आणि धरण कोण? आयुषीनं विचार करून सांगितलं की घड्याळाचा सेल म्हणजे दार फिरवणारा माणूस आणि टॉर्चचे तीन सेल म्हणजे धरण. सरांनी मान डोलवली आणि सोल्डरिंगची सळई तापत घातली. तारा तिनंच जोडल्या. एक तीनदा निघाली, एकदा तिचं बोट चटकलं, आणि सरांच्या लुंगीला एक भोक पडलं ते प्रमिलाबाईंना पुढे आठवडाभर पुरलं.

दिवा लागला. गजराच्या ठेक्यावर तो लुकलुकायचा, आणि भिंतीकडे वळवून ठेवला की सारी भिंत लुकलुकायची. घड्याळाच्या डोक्यावर एक मोठं बटण होतं. ते दाबलं की गजर थांबे आणि जरा वेळानं पुन्हा सुरू होई, म्हणजे पुन्हा डोळा लागलेला माणूसही सुटत नसे. सरांना ही सोय फार पसंत पडली. वर्गातल्या एकूण एक आळशी मुलांची आठवण काढून त्यांनी अक्कांना ती दोनदा समजावून सांगितली. अक्का ऐकून हसल्या. त्यांना किती ऐकू आलं हे कोणी विचारलं नाही.

दुसऱ्याच पहाटे अक्का आपल्या आपण उठल्या. जिनेश पाहायला गेला तर पलंग रिकामा आणि गोधडीची घडी झालेली. त्या दिवशी अक्कांनी दोन कप चहा घेतला. गल्लीत मात्र गोंधळ उडाला, कारण आता मोबाइल वाजत नव्हता. पितांबर दूध घेऊन आला तर एकाही घराचं दार उघडं नाही. प्रमिलाबाई ऊन अंगणात आल्यावर उठल्या आणि त्यांनी सरळ सरांनाच धारेवर धरलं, की एका बाईला उठवायला तुम्ही सारी गल्ली झोपवलीत. सर दिवसभर ओट्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला पाटाच्या दाराची गोष्ट सांगत होते. ज्यांना ऐकायची नव्हती, त्यांनाही.

दोन-तीन दिवसांत प्रमिलाबाईंना आपल्या आपण जाग यायला लागली आणि त्यांच्या नजरेला एक गोष्ट आली. पहाटे त्या मागच्या अंगणात चूल पेटवायला गेल्या की भिंतीपलीकडे, मोरीजवळच्या पडवीत, अक्का आसन टाकून बसलेल्या दिसत. अंगावर पांढरी शाल, तोंडावर मुहपत्ती, भोवती डासांचं मोहोळ. सामायिकात डासाला हाकलायचंही नसतं. प्रमिलाबाईंनी हे सरांना सांगितलं. सरांना ते काही विशेष वाटलं नाही. पावसाळ्यात हवेला बसत असतील, असं ते म्हणाले आणि आयुषीला सेलांविषयी नवा प्रश्न घालायला वळले.

प्रमिलाबाई अहिराणीत उतरल्या की सर समजत, आता सुटका नाही.

"बठ्ठा गावले शिकाडं तुम्ही," त्या म्हणाल्या. "पोरले दिनभर इचारतस. पन जिन्हा दिवा शे, तिले एकदा तरी इचारं का?"

सरांनी खरोखरच विचारलेलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न घालणाऱ्या माणसाला हे लागायला हवं तेवढं लागलं. ते उठून शेजारी गेले. अक्का पुढच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. सरांनी त्यांच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश विचारलं की सामायिकाला पडवीत का बसता.

अक्का आधी दिव्याची स्तुती करायला लागल्या. छोरीनं किती डोकं लावलं, सरजींनी किती वेळ दिला. सर तसेच बसून राहिले. शेवटी अक्कांनी तांदळाचं ताट बाजूला सारलं.

"सामायिकात मी बसलेली असते आणि तुमचा दिवा पुन्हा लागतो," त्या म्हणाल्या. "विजेचा उजेड अंगावर घेऊन आमच्यात बसत नाहीत, सरजी. आणि बसल्यावर बटणाला हात लावता येत नाही. मग मी उठून जाणार कुठे? म्हणून आधीच बाहेर जाऊन बसते."

अक्कांच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली ही समजूत होती. विजेच्या दिव्यातही आगीचे जीव, ते लावणं-विझवणं म्हणजे त्यांना त्रास देणं. इतर वेळी संसार आहे, चालवून घ्यायचं. त्या दोन घटकांत मात्र नाही. सर तीस वर्षं या घराच्या भिंतीला भिंत लावून राहत होते. दिवाळीची ताटं इकडून तिकडे गेली होती. रात्री या घरात जेवत नाहीत हे त्यांना माहीत होतं, कांदा-बटाटा चालत नाही हे माहीत होतं. पहाटे अंधारात बसतात ते वीजबिलासाठी, असं मात्र ते आजवर धरून चालले होते, आणि एकदा जिनेशला त्यावरून चिडवलंही होतं.

त्यांनी विचारलं की मग घड्याळामागचं छोटं बटण उठल्या उठल्या सरकवून गजर पूर्ण बंद का नाही करत. अक्का म्हणाल्या, ते बटण ज्वारीच्या दाण्याएवढं आहे, अंधारात चष्म्याशिवाय सापडत नाही. आणि एकदा सापडलं, तर रात्री ते पुन्हा सुरू करायचं राहून गेलं, त्या दिवशी सुनेनं उठवलं. ही गोष्ट जिनेशला कळू दिलेली नव्हती. शिवाय उठलं की पहिला नवकार मंत्र आणि मग आसन, मध्ये बटणं शोधत बसणं नाही, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. आयुषीला यातलं काही सांगू नका, असं त्यांनी सरांना बजावलं. पोरगी हिरमुसेल. डास काय, चावतात आणि जातात.

सर घरी आले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आयुषीला सगळं सांगितलं. चूक लपवली तर ती तशीच राहते, असं त्यांचं शाळेपासूनचं मत. आयुषी खरंच हिरमुसली. दादी तिच्याच खोलीतून उठून मोरीपाशी बसते, मग पलंग तिथे राहून उपयोग काय, असं ती म्हणाली. पलंग आतल्या खोलीत गेला काय आणि दादी पडवीत गेली काय, खोली गेलीच. सरांना हे सुचलं नव्हतं, त्यांच्या डोक्यात अजून बटणच होतं.

पर्युषणाला थोडेच दिवस उरले होते. सरांनी ओट्यावर पाणी शिंपडलं, पाट मांडला आणि वर्ग भरवला. विद्यार्थिनी एकच. हात न लावता दिवा विझायला हवा, आणि दादी झोपलेली असताना विझता कामा नये. तर मग सांग, झोपलेली दादी आणि उठलेली दादी यांच्यात फरक काय?

आयुषीनं सांगितलं, डोळे. सर म्हणाले, डोळ्यांना तार जोडता येत नाही. आयुषीनं सांगितलं, घोरणं. प्रमिलाबाई आतून हसल्या. अक्कांना स्वतःचं घोरणं मान्य नाही, असं सरांनी निदर्शनास आणलं. मग ती बराच वेळ गप्प बसली. सरही गप्प बसले. गप्प बसण्याचं त्यांचं हे कसब मोठं होतं. मुलगा किंवा मुलगी विचार करत असताना ते झाडासारखे स्थिर होत आणि कोणी मध्ये बोललं तर डोळे वटारत. समोरून पितांबर काहीतरी विचारायला आला आणि ते वटारलेले डोळे पाहून तसाच परत गेला.

"गादी," आयुषी म्हणाली. "दादी उठली की गादीचा खड्डा भरून येतो."

सर मान हलवणार होते, पण त्यांच्या आधी त्यांच्या हातानंच मांडीवर थाप मारली.

घरातून पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद आला, प्रमिलाबाईंच्या भांडी घासायच्या स्पंजाचा नवाकोरा तुकडा गेला. पुठ्ठ्याचे दोन चौकोन, दोन्हींवर कागद चिकटवलेला, मधे स्पंज आणि स्पंजाला भोक. वरून वजन पडलं की स्पंज दबतो, भोकातून कागदाला कागद टेकतो आणि वाट जुळते. वजन उठलं की स्पंज फुगतो, वाट तुटते. धरणाच्या वाटेतलं हे दुसरं दार. घड्याळानं आपलं दार उघडलेलं असलं तरी हे बंद असेल तर पाणी पुढे नाही. घड्याळ तासभर टकटकत राहो, अक्का गादीवरून उठल्या की दिवा विझलेला. हे सगळं आयुषीनंच सरांना समजावून सांगितलं. सर पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते.

दुपारी अक्कांच्या पलंगावर, गादीखाली तो पुठ्ठा सरकवला. गजर मुद्दाम लावला. आधी सर आडवे झाले. दिवा झकास लुकलुकला. सर उठले, दिवा विझला. सर पुन्हा आडवे, पुन्हा दिवा. त्यांना हा खेळ इतका आवडला की प्रमिलाबाईंनी त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. मग अक्का आडव्या झाल्या. काही झालं नाही. अक्कांनी कूस बदलली, कंबर खाली दाबली. दिवा मुळीच लागला नाही.

आयुषी तारा तपासायला लागली. सर सेल तपासायला लागले. प्रमिलाबाईंनी काहीच तपासलं नाही.

"तुम्ही व्हतात तव्हय लागना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "अक्का चातुर्मासात एकदाच जेवस. तुम्ही कितीदा जेवतस?"

अक्कांना हे मात्र पहिल्या झटक्यात ऐकू आलं, आणि त्या पदर तोंडाला लावून पलंगावरच हसत राहिल्या. सरांच्या वजनावर बेतलेला स्पंज एकभुक्त अक्कांच्या वजनाला दाद देत नव्हता. मग स्पंज अर्धा चिरून पातळ केला, भोकं वाढवली, पुठ्ठा कंबरेखालून पाठीखाली आला. ती दुपार आणि पुढची दुपार त्यातच गेली. अक्का न कंटाळता आडव्या होत, उठत, आडव्या होत. अखेर त्या नुसत्या टेकल्या तरी दिवा लागायला लागला आणि उठल्या की लगेच विझायला लागला. त्या पहाटेपासून पडवी रिकामी राहिली.

जिनेशला या दुरुस्तीची काही खबर नव्हती. त्याला एवढंच कळलं होतं की मधे एकदा आईला सुनेनं उठवलं. लपवलेली गोष्ट जशी कळायची तशी ती त्याला कळली होती. त्यानं माणसांना सांगून ठेवलं. रविवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो घरी आला तेव्हा आई जैन स्थानकात प्रवचनाला गेलेली होती. पलंग दारातून निघेल का, हे पाहायला तो पुढच्या खोलीत गेला, टेपनं मोजला, आणि मोजून झाल्यावर जरा टेकला. टेकला तो आडवा झाला आणि आडवा झाला तो झोपला.

काट्यांच्या घड्याळाला पहाट आणि संध्याकाळ सारखीच. पहाटेची वेळ संध्याकाळीही येते, गजर तेव्हाही टकटकतो, फक्त त्या वेळी पलंगावर कोणी नसतं म्हणून दिवा लागत नाही. आज पलंगावर भांड्यांच्या दुकानाचा मालक होता. अचानक सारी भिंत लुकलुकायला लागली. जिनेश धडपडून उठला, तशी भिंत विझली. शॉर्टसर्किट झालं असं समजून तो घाबरून पुन्हा खाली बसला, भिंत पुन्हा पेटली. त्याच्या हाका ऐकून आयुषी आली, मागून सर आले. आयुषीनं वडिलांना खूप सावकाश, पाटाच्या दारापासून सुरुवात करून सगळं समजावून सांगितलं. मधे मधे ती त्यालाच प्रश्न विचारत होती. जिनेशला दोन उत्तरं आली, एक नाही आलं.

"चालतं, हे पाहिलं," तो शेवटी म्हणाला. "पण मी दचकलो म्हणून आई उठेल असं नाही. माणसं परवा सकाळी येतील. ती उठली नाही तर पलंग आत."

परवा म्हणजे पर्युषणाचा पहिला दिवस. त्या पहाटे झुलाल सर फिरायला निघाले आणि फाटकाबाहेर चार पावलं जाऊन परत ओट्यावर येऊन बसले. गुडघा दुखतोय, असं त्यांनी घरात सांगितलं. प्रमिलाबाईही ओट्यावर आल्या. गल्लीत अंधार होता. शेजारी अक्कांची खिडकी, तिच्यात काही नाही. सरांना वाटायला लागलं की सेल उतरले असतील. मग वाटलं, स्पंज दबून चपटा झाला असेल, किंवा अक्का काठाशी झोपल्या असतील. इतकी वर्षं मुलांना परीक्षेला बसवलं, आज परीक्षा त्यांची होती. त्यांनी मनातल्या मनात तारा पुन्हा एकदा जोडून पाहिल्या.

खिडकी लुकलुकली. एकदा, दोनदा, पुढे मोजायला ते विसरले. लुकलुकत राहिली. बराच वेळ लुकलुकत राहिली. प्रमिलाबाईंनी सरांच्या मनगटावर हात ठेवला. मग खिडकी विझली आणि विझलेलीच राहिली.

सर सुटकेचा श्वास सोडतात तोच खिडकीत पुन्हा उजेड दिसला. हा लुकलुकत नव्हता. जिनेश मोबाइलचा टॉर्च घेऊन आईला पाहायला आला होता. उजेड पलंगावरून फिरला, पलंग रिकामा. उजेड भिंतीवर गेला, कोपऱ्यात उतरला, आणि तिथे पांढरी शाल, पांढरी मुहपत्ती, मिटलेले डोळे. अक्का हलल्या नाहीत. बोलल्या नाहीत. त्यांनी मांडीवरचा एक हात उचलला आणि माशी नको म्हणावं तसा नुसता पंजा हलवला. मोबाइल लगेच विझला. अंधारात कशाला तरी पाय लागून भांडं पडल्याचा आवाज झाला. तो अक्कांनी ऐकला की नाही, कोण जाणे.

उजाडल्यावर दुकानातला अमृत आणि त्याचा एक जोडीदार दोरखंड घेऊन हजर झाले. जिनेश त्यांना दारातच सांगत होता की काम नाही, पलंग राहू द्या, चहा घ्या आणि जा. तेवढ्यात अक्का आसनाची घडी हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी माणसं पाहिली, दोरखंड पाहिला, मुलाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आलाच आहात तर सुनेचं हे लोखंडी कपाट आधी माझ्या खोलीतून बाहेर काढा, अर्धी खिडकी अडवून उभं आहे. अमृतनं मालकाकडे पाहिलं. मालकानं टेप काढला आणि कपाट मोजायला लागला.